शीलाताईंची तोंडांची फाईल

पहिल्याच भेटीत शीलाताईंनी मला ज्योतिषी म्हटलं, आणि ते मला चांगलंच झोंबलं.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. औरंगपुऱ्यापासून चिकलठाण्यापर्यंत कुणाच्या दुकानात, कुणाच्या दवाखान्यात मशीन अडलं की मला फोन येतो, आणि तिथं पोचायच्या आधीच माझं औषध ठरलेलं असतं. "फॉरमॅट मारून टाकू." म्हणजे मशीनमधलं सगळं पुसून पाटी कोरी करायची आणि नव्यानं भरायची. बहुतेक दुखणी त्यानं जातात. जी जात नाहीत त्यांना मी नवं मशीन घ्यायला सांगतो. या दोन वाक्यांवर माझं घर चाललं आहे, आणि तोपर्यंत मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

कांतीशेठांचा फोटो स्टुडिओ औरंगपुऱ्यातल्या एका बोळात होता. एका सोमवारी शेठचा फोन आला. "जरा येऊन जा यार. ताईचं पेन मागं राहायलंय."

आत गेलो तर पन्नाशी उलटलेली एक बाई कॉम्प्युटरसमोर बसलेली. सुती साडी, दोरीला बांधलेला चष्मा, आणि उजव्या हातात चक्क पायमोजा. शाळेच्या गणवेशातला पांढरा मोजा कापून त्यांनी असा शिवला होता की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं झाकलं जावं. समोर पाटीएवढा काळा टॅब्लेट, हातात त्याचं पेन. पाटीवर पेन फिरवलं की रेघ समोरच्या पडद्यावर उमटते, आणि घामेजलेला हात पाटीला चिकटू नये म्हणून तो मोजा. कागदोपत्री नाव पंचशीला म्हस्के. अख्ख्या बोळाला शीलाताई.

मी बसायच्या आधीच म्हणालो, "मशीन जुनं झालंय. फॉरमॅट मारू."

त्यांनी मानही वर केली नाही. "तुमी बघितलं काय?"

"बघायचं काय त्यात? वीस वर्षांचा अनुभव आहे."

"मंग तुमी ज्योतिषी. शेठ, मी तुमाला मेकॅनिक बोलवा म्हणलं व्हतं."

शेठ हसले. मी खुर्ची ओढून बसलो, कारण निघून जाणं शोभलं नसतं.

मग त्यांनी मला दुखणं दाखवलं. उघड्या फाईलच्या कोपऱ्यात डावीकडून उजवीकडं पेन एका झटक्यात फिरवलं. पडद्यावर काहीच नाही. "एक," त्या म्हणाल्या. "दोन." तेव्हा कुठं तिथं एक झुपकेदार मिशी उगवली.

"ही मिशी हाताबरोबर यायला पायजे. ही दोन आकडे मागं हाय. आता मला एखाद्याच्या कपाळावरची आठी काढायची आसली, तर माझीच रेघ दिसायची वाट बघत बसावं लागतंय. थांबून थांबून काढलेली आठी खोटी दिसती."

मिशीच का, असं मी विचारलं. ते वडलांचं होतं. वडील लासूर स्टेशनला आडत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नवा ब्रश आणला की आधी घराच्या मागच्या भिंतीवर एक मिशी काढून बघायची, टोक नीट निमुळतं आलं तर ब्रश कामाचा. त्या भिंतीवर म्हणे शेकड्यानं मिशा होत्या आणि तोंड एकही नव्हतं. तोंडं पुढं शीलाताईंनी भरली.

वडलांकडून त्यांनी आणखी एक गोष्ट घेतली होती, आणि तिनं मला त्या आठवड्यात रडकुंडीला आणलं. काही बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग ओघळायला लागला तर तेल बदलून बघ, पण मग ब्रश तोच ठेव, भिंत तीच ठेव. "दोन गोष्टी बदलल्या की मंग बरं कुणी केलं कळत नाय, आन् बिघडवलं कुणी तेबी कळत नाय." यासाठी त्यांच्याकडं एक शाळकरी वही होती. तिच्यात वेळ, काय बदललं, आणि मिशी किती आकडे मागं, एवढंच लिहायचं. वर पहिल्या पानावर झोकदार अक्षरात: 'आधी बघ, मग बोल.' मी ते वाचलेलं त्यांनी बघितलं आणि चष्मा पुसत बसल्या.

या बाईचा स्वभाव मला दुसऱ्या दिवशी नीट कळला. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. स्थळं बघणं चाललं होतं, त्यासाठी फोटो काढलेला होता. मुलगी खाली मान घालून उभी. गृहस्थ काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "ताई, जरा गोरी करा."

"तोंडावर उजेड कमी पडलाय, तेवढा भरते. गोरी करणार नाय."

"अहो, समोरच्या गल्लीत दोन मिनिटांत करून देतात."

"जावा की मंग. पण पाव्हणे घरी आल्यावर चहा घेऊन कोण येणार? ही का फोटूतली?"

मुलीला हसू फुटलं. तिनं मान वर केली. शीलाताई म्हणाल्या, "आस्सं! ह्या पोरीचा फोटू काढा शेठ पुन्यांदा. आधीचा तिच्या बापाचा व्हता." शेठनं कपाळाला हात लावला, पण कॅमेरा उचलला. ताईंनी गिऱ्हाईक असं परतवून लावलेलं बघायची शेठना सवय झालेली होती, कारण शीलाताईंनी हात लावलेल्या फोटोसाठी लोक पार वैजापूर, गंगापूरहून येत. कॅमेऱ्यात रोल होता तेव्हापासून त्या तिथं होत्या. आधी काचेच्या टेबलावर पेन्सिलीनं निगेटिव्ह सुधारायच्या, मग माऊस आला, मग हे पेन. टॅब्लेट आर्ट कॉलेजच्या एका मुलीकडून जुनाच मिळालेला. त्याच्या पेनाचं टोक झिजलं की नवं टोक मागवायचं सोडून त्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा कापून, घासून बसवत. मी म्हटलं, कंपनीचं टोक वापरा. त्या म्हणाल्या, "कंपनीला माझा हात ठावा नाय."

आता ती फाईल. सगळं महाभारत तिच्यावरून झालं.

मराठवाड्यातल्या किती तरी घरांत म्हातारं माणूस जातं आणि मग ध्यानात येतं की त्याचा फोटोच नाही. असतो तो मतदान कार्डावरचा, आणि त्यात माणूस आहे की काळं बोट लागलंय तेही कळत नाही. घरच्यांना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असतो. मग ती माणसं शीलाताईंकडं येत. त्या सगळ्या नातलगांना बाकावर बसवत आणि विचारत: नाक कुणावर होतं? कान कुणाचे आहेत तसे? हसल्यावर गाल कुणासारखा व्हायचा? मामाचं नाक, धाकट्या बहिणीची हनुवटी असं जुळवत, कार्डावरच्या त्या डागावर पेनानं त्या माणूस उभा करत. आणि काम झालं की त्यातलं नाक, डोळे, कपाळ वेगवेगळं काढून एका फाईलमध्ये ठेवून देत. काचेवर काच ठेवावी तसे एकावर एक थर. प्रत्येक थराला नाव. 'नाक, वैजापूरची आजी.' 'कान, एसटी ड्रायव्हर.' 'हनुवटी, पडेगाव, रागीट.' नवीन माणूस काढताना कुठं अडलं तर त्या या फाईलमध्ये शोधत. असलं नाक आपल्या भागात आधी कुणाला होतं का? बहुतेक वेळा असायचंच.

फाईल अर्थातच अगडबंब झाली होती. उघडायलाच तिला चहाएवढा वेळ लागायचा. "दुखणं इथंच आहे," मी सांगितलं. "एवढं ओझं कुठलं मशीन वाहील? जुने थर उडवा."

"त्या फायलीला हात लावायचा नाय."

"अहो, ही माणसं गेली. फोटो त्यांच्या घरी पोचले. आता या सुट्या नाकांचं करायचं काय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी उगीच केबल तपासायला लागलो.

पण पेन त्याच आठवड्यात नीट व्हायला हवं होतं, त्याला कारण होतं. सोमवारी मी तिथं बसलो असतानाच लिंबाजी आला होता. तिशीपस्तिशीचा, चिकलठाण्याला एका कंपनीत कामाला, अंगात कंपनीचाच शर्ट. घर दौलताबादच्या पलीकडं एका वस्तीवर, मेंढरं राखणारं. त्याची आई गयाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, रविवारी वर्षश्राद्ध होतं. फोटो एकच, मतदान कार्डावरचा. शेठनं आपोआप फोटो सुधारणारं नवं सॉफ्टवेअर नुकतंच आणलं होतं, त्यांनी हौसेनं कार्ड त्यात घातलं. मिनिटभरात पडद्यावर एक बाई आली. गोरीपान, गुबगुबीत गाल, टपोरे डोळे, दात दिसतील असं हसू. मालिकेतली प्रेमळ सासू असते तशी.

शेठ खुशीत म्हणाले, "बोलो, कैसा है?"

लिंबाजी भिडस्त माणूस. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "लई भारी हाय शेठ. पण ही आमची माय नाय. ही कुन्या साहेबाची माय हाय."

मग शीलाताई म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी ये. तुझी माय मी काढते."

"कशानं काढता?" शेठ उखडले. "पेन तुमचं चालंना. ऐका ताई, शेवटचं सांगतो. शनिवारपर्यंत पेन नीट झालं तर ठीक. नाय झालं तर हाच फोटो फ्रेम करून देऊ, ती तोंडांची फाईल उडवू, आणि पेनाचं काम कायमचं बंद. आता सगळं मिनिटात होतंय, तुम्ही एका नाकाला दोन दिवस लावता."

शीलाताईंनी वही उघडली. वेळ लिहिली. खाली लिहिलं: 'शनिवार.'

मी बाजू कुणाची घेतली सांगतो. शेठची. मला ते सॉफ्टवेअर आवडलं होतं.

मंगळवारी मी टॅब्लेटचं ड्रायव्हर काढून नव्यानं टाकलं. पेन आणि मशीन यांच्यातला हा दुभाष्या, तो बिघडला की पेन हमखास अडखळतं. मिशी दोन आकडे मागं. त्याच वेळी केबलही बदलावी म्हटलं तर शीलाताईंनी माझ्या हातावर चापट मारली. "एका दिवसात एकच." बुधवारी केबल थेट मशीनच्या पाठीला जोडली. मिशी दोन आकडे मागं. त्याच संध्याकाळी, खास सवलत म्हणून, पेनाचं टोक बदलू दिलं. काही नाही. मग, आणखी एक सवलत म्हणून, सॉफ्टवेअर मागचे किती बदल लक्षात ठेवतं तो आकडा कमी केला, जेणेकरून त्याची आठवण हलकी व्हावी. मिशी दीड आकडा. "दीड कसला," मी म्हणालो. त्यांनी वहीत दीडच लिहिलं.

गुरुवारी मी हट्टाला पेटलो. मूळ फाईलला हात लावत नाही, तिची नक्कल करतो, म्हणून कबूल करून घेतलं. नकलेतले बहुतेक थर उडवले, फाईल हलकी केली, बाकी काहीही बदललं नाही. शीलाताईंनी पेन फिरवलं. मिशी हाताबरोबर आली.

मला लपवता येईना इतका आनंद झाला. "बघा! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. दोष फाईलचा."

शेठ म्हणाले, "झालं मग. उद्या उडवा."

शीलाताईंनी वही उचलली. मोजा काढला, घडी करून पिशवीत ठेवला, आणि वेळ व्हायच्या आधीच घरी निघून गेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं शेठ म्हणाले, आणि त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कारण मग ते बराच वेळ गल्ल्याची उघडझाप करत बसले.

शुक्रवारी मी सकाळी अकराच्या सुमाराला गेलो. फाईल पुसायला गेलो होतो हे कबूल करायला हवं. शीलाताई माझ्या आधीच येऊन बसलेल्या. समोर तीच अगडबंब मूळ फाईल उघडी. त्यांनी माझ्याकडं न बघता पेन फिरवलं.

मिशी हाताबरोबर.

"तुम्ही थर उडवले?"

"एक नाय."

"मग?"

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. सगळ्या नोंदींखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या. आम्ही रोज काय बदललं तेच बघत होतो. त्यांनी रात्री घरी वेळा वाचल्या होत्या. सकाळची एकही मिशी मागं नव्हती. दुकान उघडल्यावर तास-दीड तासानं मागं राहायला लागायची. जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली मिशी पुन्हा बरोबर. आणि माझी ती विजयी नक्कल? जेवणानंतर, मशीन तासभर बंद राहिल्यावर, पहिल्याच मिनिटाला तपासलेली.

"फाईल तीच. हात तोच. मिशी तीच. मंग दिवसभरात बदलतंय काय?" त्या म्हणाल्या. "हे थकायलंय. आन् मशीन थकतंय म्हंजे तापतंय. जड काम दिलं की लवकर थकतं, हलक्याला कळत नाय. म्हणून तुमी ओझ्याला धरून मारायलाव, इंजिनिअर. बैलाच्या पायात काटा हाय का ते कुणी बघितलं?"

मी कॅबिनेटच्या, म्हणजे मशीनच्या पत्र्याच्या खोक्याच्या, अंगाला हात लावला. सकाळचं गार होतं. आम्ही बसून राहिलो. बाराच्या पुढं मिशी एक आकडा मागं पडली आणि कॅबिनेटला हात ठेववेना.

"उघडा," शीलाताई म्हणाल्या.

पाच दिवसांत मी ते उघडलं नव्हतं. माझा स्क्रू-ड्रायव्हर गाडीच्या डिकीत होता. किती महिने तिथं होता ते मलाच आठवेना.

झाकण काढलं आणि मोगऱ्याचा भपकारा आला. आत पंखा होता, पण तो ओळखू येईना. पंख्याच्या पात्यांवर, त्याखालच्या पत्र्यांच्या फटींत राख, राखेवर धूळ, आणि धुराच्या तेलकट चिकटीनं त्या दोन्हींचा लेप झालेला. हवा जायला जागाच नव्हती. मशीनचा जीव गुदमरत होता, आणि तापलं की ते बिचारं स्वतःहून हळू चालत होतं.

शेठही वाकून बघत होते, आणि आम्ही तिघांनी एकदमच वर बघितलं. टेबलाच्या वर फळीवर देव होते. दिवाळीच्या साफसफाईत टेबल हलवून फळीखाली आणलं होतं. वहीत ते होतं, 'टेबल हलवलं' म्हणून. आणि कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीत, अगदी हवा आत घेण्याच्या भोकांत, दोन उदबत्त्या खोचलेल्या होत्या. अर्ध्या जळालेल्या. शेठ रोज सकाळी दुकान उघडून पूजा करत आणि उदबत्त्या तिथं खोचत. काडी त्या भोकांत फिट बसायची. पंखा ती राख रोज आत ओढून घ्यायचा. ते आम्ही पाच दिवस बघत होतो आणि कुणालाच दिसलं नव्हतं. मी तर त्या वासाला छान म्हणालो होतो.

शेठचा चेहरा पडला. "मी तर मशीनचं चांगलं व्हावं म्हणून..."

मला वाटलं, आता शीलाताई सोडत नाहीत. फाईल उडवा म्हणणारा हाच माणूस. पण त्यांनी शेठच्या भाजीच्या पिशवीतून एक बटाटा काढला, तो अर्धा कापला, फळीवर देवापुढं ठेवला आणि दोन्ही उदबत्त्या त्यात खोचल्या. त्या स्वतः देवपूजा करणाऱ्यातल्या नव्हत्या. "पूजा करा शेठ. पर त्याच्या नाकात काडी घालू नगा." मग पिशवीतून वडलांचा पाट्या रंगवायचा चपटा ब्रश काढला आणि माझ्या हातात दिला. "झाडा. बापाचा हाय, केस गळाले तर बघा."

मी झाडलं. तासभर वाकून, कोपरे धरून झाडलं. फॉरमॅट मारणं किती सोपं असतं ते तेव्हा कळलं.

दुपारी चारला, दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेला, अख्खी फाईल उघडून शीलाताईंनी पेन फिरवलं. मिशी आली. त्यांनी वहीत लिहिलं, पण आधी मी वाकून बघावं म्हणून थांबल्या.

त्याच संध्याकाळी, शीलाताईंच्या निरोपावरून, लिंबाजी गयाबाईच्या थोरल्या भावाला घेऊन आला. म्हातारा आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेला, खांद्यावर घोंगडी, स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर जपून पाय टाकणारा. सगळे त्याला आबा म्हणत. शीलाताईंनी त्याला उजेडात बसवलं आणि त्याच्याकडं इतका वेळ बघितलं की तो लाजला.

"नाक तुमचंच का बहिणीला?"

"व्हय. पर तिचं जरा डावीकडं कललेलं. एडक्यानं टक्कर मारली व्हती ल्हानपणी."

"डोळे?"

आबा विचारात पडला. "डोळं कुणी बघितल्यात? मिचमिच करायची ती. उन्हानं."

शीलाताईंचं पेन चालू झालं. ती संध्याकाळ आणि शनिवारचा दिवस मी दुसरी कामं टाकून तिथं का बसून होतो, मला नीट सांगता येणार नाही. मशीन तापतंय का बघायला, असं मी शेठना सांगितलं. फाईलमधून गंगापूरकडच्या एका बाईच्या गालाची सुरकुती त्यांनी आणली, तपासली, परत ठेवून दिली. नाक त्यांनी सात वेळा काढलं. शनिवारी दुपारी शेठ मागं येऊन उभे राहिले. "ताई, डोळे जरा उघडा की. भिंतीवर लावायचाय. असं बारीक डोळ्यांचं बरं दिसत नाही."

शीलाताईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "शेठ, पन्नास वर्सं त्या बाईनं उन्हात मेंढरं राखली. डोळे मोठे करून बघायला ती काय सावलीत बसली व्हती? हे डोळे तिनं कमवलेत. मी कोण काढून घेणार? तुमी नगा देऊ पगार ह्याचा. डोळे ऱ्हातील."

डोळे राहिले.

संध्याकाळी आबा आणि लिंबाजी आले. पडद्यावर गयाबाई होती. सावळी, रापलेली, पदर कपाळाच्या मधोमध, नाक डावीकडं जरासं कललेलं, आणि डोळे उन्हाकडं बघताना होतात तसे बारीक केलेले. हसत नव्हती. कुणी हाक मारली म्हणून वळून बघावं, तशी होती.

लिंबाजी बघतच राहिला. आबा पडद्याच्या अगदी जवळ गेला. मग त्यानं हात वर केला आणि आपला पंजा पडद्याच्या वरच्या कडेला, बहिणीच्या कपाळावर, आडवा धरला. सावली करतात तसा. तसाच धरून उभा राहिला.

"ऊन लागायलंय तिला," तो म्हणाला.

मी बाहेर बोळात आलो. थोड्या वेळानं शेठही आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. फाईलबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. फाईल राहिली, आणि तिच्यात एक नवा थर आला.

त्यानंतर मी नेहमी जायचो. काम असलं तरी, नसलं तरी. डिकीतला स्क्रू-ड्रायव्हर आता शर्टच्या खिशात असतो, आणि गिऱ्हाइकांना मी आधी विचारतो की दुखणं किती वाजता सुरू होतं. माझा धंदा त्यानं हळू चालतो. शीलाताई मला इंजिनिअर म्हणायच्या ते शेवटपर्यंत टोचूनच, पण चहा माझ्यासाठी आधीच सांगून ठेवायच्या.

गेल्या वर्षी शेठचे गुडघे गेले आणि त्यांनी स्टुडिओ मशीनसकट विकला. घेणाऱ्याला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. त्यानं मलाच फोन केला. "एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यात एक भलीमोठी फाईल आहे, काहीतरी नाकंकानं. फॉरमॅट मारून द्या."

मी म्हणालो, "आधी बघतो."

त्या दिवशी मी ती फाईल उतरवून घेतली. दोन वेगळ्या डिस्कवर, आणि दोन्ही उघडून एकेक थर मोजून बघितला. पहिला थर 'भुवई, लासूर, आडत्या.' सगळ्यात वरचा 'डोळे, गयाबाई, उन्हातले.' तेवढं झाल्यावरच मशीन कोरं केलं.

डिस्क द्यायला मी रेल्वे स्टेशनवर गेलो. शीलाताई लासूर स्टेशनला भावाकडं राहायला निघाल्या होत्या. तिथंच बाजारात एक खोली बघितली होती, कामाला. सकाळची पॅसेंजर लागलेली. त्या खिडकीशी बसल्या होत्या, टॅब्लेट टॉवेलात गुंडाळून मांडीवर. मी खिडकीतून डिस्क आत दिल्या.

"सगळी आली?"

"सगळी. मोजलीत."

"बघून मोजली का ज्योतिषानं सांगितली?"

"बघून, ताई."

त्यांनी एक डिस्क पिशवीत टाकली, दुसरी मला परत दिली. "एक तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. एका जागी सगळं ठिवू नाय." मग त्यांचं लक्ष उडालं. समोरच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली होती, गाठोडं पायांत घेऊन, खिडकीबाहेर बघत. शीलाताईंचं उजवं बोट टॉवेलावर हलायला लागलं. वर, खाली, एक लहानशी वळणाची रेघ, पुन्हा तीच.

मला राहवलं नाही. "ताई, तीस वर्षं कधीच उलटली. आता तरी हाताला जरा सुट्टी द्या."

गाडी हलली. त्यांनी मान माझ्याकडं न वळवता बोटानं मला गप्प राहायची खूण केली, आणि हळूच, त्या म्हातारीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या,

"थांबा ओ. आसलं नाक माझ्या फायलीत नाय."